हात भाजला नाही म्हणजे केमिकल आत गेलं नाही असं नसतं

केमिकलचं काम म्हटलं की पहिली काळजी नाकाची असते, मास्क लावला का, एक्झॉस्ट चालू आहे का, हवेत किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) भरतंय. हातावर थोडं उडालं तर फडक्याने पुसायचं आणि काम पुढे चालू, जळजळ झाली तरच माणूस नळाकडे पळतो. इथेच हिशोब चुकतो, कारण कातडीची आग होणं वेगळं आणि कातडीतून विष आत जाणं वेगळं, आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज अजिबात बांधता येत नाही.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, बऱ्याच ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड, आणि शरीराचं बाहेरच्या जगापासून रक्षण मुख्यतः तोच करतो. पेशींच्या विटा आणि त्यांच्या मधे स्निग्ध पदार्थांचं बांधकाम अशी ती भिंत आहे. पाण्याला, मिठाला ती बऱ्यापैकी अडवते, पण ज्याचा रेणू लहान आहे (साधारण ५०० डाल्टनच्या आतला, डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) आणि जो तेलातही विरघळतो, थोडा पाण्यातही विरघळतो, त्याला त्या स्निग्ध भागातून वाट सापडते. बरेच सॉल्व्हंट, काही कीटकनाशकं, रंगांच्या धंद्यातलं ॲनिलिन, हे सगळे ह्याच मापात बसणारे. ॲनिलिन रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं, ओठ आणि नखं निळसर पडतात, आणि जिथून ते आत शिरलं त्या हाताला कदाचित काहीच झालेलं नसतं.

शिवाय अंगभर त्वचा सारखी नसते. १९६७ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या जागी लावून बघितलं, तर कोपर ते मनगट ह्या भागाच्या तुलनेत अंडकोशाच्या त्वचेतून ते सुमारे ४२ पट जास्त शोषलं गेलं. म्हणजे तेलाने भिजलेली पॅन्ट दिवसभर घालून फिरणं हा नुसता घाणेरडेपणाचा प्रश्न नाहीये.

आणि मग डायमिथाइल मर्क्युरी ह्या पाऱ्याच्या विषारी संयुगाची गोष्ट. ऑगस्ट १९९६ मधे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर ह्या द्रवाचे थोडे थेंब पडले. हातमोजे घातलेले होते, काम नियमाप्रमाणेच चाललं होतं, हातावर ना डाग ना फोड. जानेवारी १९९७ पर्यंत तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं, आणि जूनमधे त्या गेल्या. नंतर टेस्ट केल्यावर कळलं की हे द्रव तसल्या हातमोज्यातून १५ सेकंदांत किंवा त्याच्याही आधी पार होतं. विषारी धातूंवर संशोधन करणारी व्यक्ती होती ती, अजाण कामगार नव्हे.

आता हे सगळं यादीत कसं लिहायचं? कामाच्या जागी हवेत कुठलं केमिकल किती चालेल ह्या मर्यादांच्या जुन्या याद्यांमधे काही केमिकलांपुढे नुसता ‘त्वचा’ एवढाच शेरा असायचा. त्याचा अर्थ, हे कातडीतून शोषलं जाऊ शकतं, बस्स. ॲसिडने कातडी जळते, इपॉक्सी रेझिनने ॲलर्जी होते, ते त्यात बसायचंच नाही, तरी काही ठिकाणी तसल्या केमिकललाही तोच शेरा चिकटवलेला, त्यामुळे वाचणाऱ्याला नक्की कशाला घाबरायचं तेच कळायचं नाही. नायॉश ह्या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेने २००९ मधे तो शेरा फोडून तीन घरं केली: शरीरात जाऊन इतर अवयव बिघडवणारी, जागच्या जागी त्वचा बिघडवणारी, आणि ॲलर्जी लावणारी. पहिल्यात जीवघेण्यांना वेगळी खूण, दुसऱ्यात नुसती खाज-लाली आणणारी वेगळी आणि कातडी कायमची जाळणारी वेगळी. एकच केमिकल दोन घरांत बसू शकतं. फिनॉल बघा, ते त्वचा जाळतं, पण जाळता जाळता बधिरही करतं, त्यामुळे दुखणं कमी वाटतं आणि तेवढ्या वेळात ते रक्तात पोचतं. हायड्रोफ्लोरिक ॲसिड पातळ असेल तर कधीकधी कित्येक तास कळतच नाही, दरम्यान फ्लोराइड आत उतरून कॅल्शियम बांधून टाकतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणूनच हे ॲसिड वापरतात तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी ठेवलेली असते.

पहिल्या घरात कोणाला घालायचं हे ठरवताना माणसांना खरोखर झालेल्या विषबाधा बघतात, प्राण्यांवरच्या टेस्ट बघतात, प्रयोगशाळेत त्वचेच्या तुकड्यातून किती आरपार जातं तेही बघतात. हे काहीच नसेल तर गणित आहे, आणि ते मला फार आवडतं कारण त्यात कामाची शिफ्ट दिसते. दोन्ही तळहात, म्हणजे सुमारे ३६० चौरस सेंटीमीटर कातडी, ८ तास त्या केमिकलच्या पाण्यातल्या संपृक्त द्रावणाला (पाण्यात विरघळेल तेवढं सगळं विरघळलेल्या) लागून राहिली तर किती आत जाईल ते काढायचं, आणि तोच माणूस परवानगीच्या मर्यादेएवढं केमिकल असलेली १० घनमीटर हवा ८ तासांत ओढून किती आत घेईल तेही काढायचं. कातडीतून येणारं हे श्वासातून येणाऱ्याच्या एक दशांश किंवा जास्त भरलं, की त्वचेकडे दुर्लक्ष करायचं नाही.

ॲलर्जीवाल्या घराकडे मात्र लोक उगाच हलक्यात बघतात. ओल्या सिमेंटचंच घ्या, त्याचा पीएच १२-१३ च्या आसपास म्हणजे तसंही ते त्वचा खातंच, वर त्यात थोडं सहा संयुजेचं क्रोमियम (क्रोमियम धातूचं ॲलर्जी लावणारं रूप) असतं. एकदा त्याची ॲलर्जी बसली की बहुधा जन्माची, मग किंचितशा सिमेंटनेही हात फुटतात आणि गवंड्याला धंदा सोडायची पाळी येते. युरोपात म्हणून २००५ पासून सिमेंटमधल्या ह्या क्रोमियमवर २ पीपीएमची मर्यादा आहे, सिमेंटमधे फेरस सल्फेट मिसळलं की ते कमी होतं. आणि लेबलवर बघाल तर जीएचएस ह्या जागतिक पद्धतीत त्वचेच्या ॲलर्जीला तेच उद्गारचिन्ह जे थोडी लाली आणणाऱ्याला, माझ्या मते हे साफ चुकलंय, जन्मभराचा त्रास आणि दोन दिवसांची खाज ह्यांना एकच चित्र कसं काय चालतं?

तीन घरांचं हे वर्गीकरण नुसतं कागदावरचं नाही, त्यावर बचाव ठरतो. ॲलर्जीवाल्या गोष्टीत जरा जरी संपर्क चालत नाही, तिथे जमलं तर केमिकलच बदलावं. शोषल्या जाणाऱ्यासाठी हातमोज्याचं मटेरियल आणि त्यातून आरपार जायला लागणारी मिनिटं बघावी लागतात, वरून धडधाकट दिसणारा हातमोजाही आतून पार झालेला असू शकतो. आणि एकदा केमिकल हातमोज्याच्या आत शिरलं की बंद, ओलसर, गरम जागेत ते उघड्या हातापेक्षाही जास्त शोषलं जाऊ शकतं. थिनरने हात धुणं तर अजूनच वाईट, त्याने भिंतीतला स्निग्ध भागच धुऊन निघतो.

नायॉशच्या नव्या पद्धतीतली अजून एक छोटी पण कामाची सुधारणा म्हणजे रिकाम्या जागेचा अर्थ. पूर्वी शेरा नसला की लोक समजायचे सेफ आहे. आता ‘तपासलं, धोका दिसला नाही’, ‘तपासलं पण माहिती पुरत नाही’ आणि ‘अजून तपासलंच नाही’ ह्या तिन्हींच्या खुणा वेगळ्या आहेत. सेफ्टी डेटा शीट (केमिकलसोबत येणारं सुरक्षेच्या माहितीचं पत्रक) वाचताना हीच नजर ठेवा, भाग ११ मधे त्वचेपुढे ‘माहिती उपलब्ध नाही’ असेल तर त्याचा अर्थ निर्धोक असा होत नाही, आणि भाग ८ मधे नुसतं ‘योग्य हातमोजे वापरा’ एवढंच लिहिलं असेल तर सप्लायरला विचारा, कुठल्या मटेरियलचे, किती जाडीचे आणि किती मिनिटं टिकणारे.