प्रश्न सभागृहात, उत्तर दुसरीकडेच: आयरिश संसदेतल्या प्रश्नोत्तरांची पार्श्वभूमी

२२ जानेवारी २०२५ रोजी डब्लिनच्या लेन्स्टर हाउसमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या संसदभवनात, मीहॉल मार्टिन यांची पंतप्रधानपदी निवड व्हायची होती. ती झाली नाही. सरकारला पाठिंबा देणाऱ्या काही अपक्षांनी प्रश्न विचारण्याच्या वेळेत विरोधकांच्या गटाइतकाच वाटा मागितला. दोन्ही डगरींवर पाय कसा चालेल, असं म्हणत विरोधी बाकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. अध्यक्ष व्हेरोना मर्फी यांना कामकाज पुन्हा पुन्हा थांबवावं लागलं आणि शेवटी दिवस तसाच गुंडाळावा लागला. मार्टिन दुसऱ्या दिवशी निवडून आले, पण भांडण तिथे मिटलं नाही. मार्चमध्ये सरकारने नियम बदलून आपल्या बाजूच्या सदस्यांच्या प्रश्नांसाठी वेगळा वेळ काढला आणि पुन्हा गोंधळ झाला. १ एप्रिलला तर खुद्द अध्यक्षांवरच्या विश्वासाचा ठराव मतदानाला टाकावा लागला. तो मंजूर झाला.

आठवड्यातल्या काही मिनिटांसाठी एवढं रामायण? त्यामागे बराच जुना हिशेब आहे.

आधी नावं. आयर्लंडच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह म्हणजे डॉल. स्पेलिंग पाहून ‘डेल’ म्हणायचा मोह होतो, तो आवरावा. सदस्याला टीडी म्हणतात. २०२४च्या निवडणुकीपासून त्यांची संख्या १७४ आहे. टीडी मंत्र्याला तोंडी किंवा लेखी प्रश्न विचारू शकतो. तोंडी प्रश्न प्रत्येक खात्याला पाळीपाळीने येतात आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. लेखी प्रश्नाचं उत्तर कामकाजाच्या अवघ्या तीन दिवसांत द्यावं लागतं. शिवाय दुपारी पक्षनेते पंतप्रधानांना थेट घेरतात तो ‘लीडर्स क्वेश्चन्स’चा प्रकार. टीव्हीवर दिसतो तो हाच, पण तो अगदी अलीकडचा. खरा डोलारा लेखी प्रश्नांवर उभा आहे. वर्षाला पन्नास हजारांच्या वर प्रश्न येतात आणि ‘पीक्यू’ (पार्लमेंटरी क्वेश्चन, म्हणजे संसदेतला प्रश्न) असं लिहिलेली फाइल टेबलावर आली की आयरिश अधिकारी हातातलं काम बाजूला ठेवतो.

ही पद्धत डब्लिनमध्ये जन्मली नाही. मंत्र्याला सभागृहात प्रश्न विचारल्याची पहिली नोंद लंडनची, १७२१ची. साउथ सी कंपनीचा घोटाळा फुटल्यावर तिचा खजिनदार पळून गेला होता. तो पकडला गेला हे खरं का, असं लॉर्ड काउपर यांनी उमरावांच्या सभागृहात विचारलं. आयरिश लोकांनी या हत्याराला धार लावली ती पुढच्या शतकात. १८०१पासून आयर्लंडचे खासदार वेस्टमिन्स्टरमध्ये बसत होते, तेही कायम अल्पमतात. मतदानात जिंकणं शक्य नाही हे पक्कं कळल्यावर जोसेफ बिगर आणि चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांनी १८७०च्या दशकात वेळच हिसकावून घ्यायला सुरुवात केली. लांबलचक भाषणं, उपसूचनांमागून उपसूचना. १८८१मध्ये एक बैठक ४१ तास चालली, शेवटी अध्यक्षांनीच ती तोडली आणि पाठोपाठ चर्चा बंद करण्याचा नियम आला. भाषणांना असा लगाम बसल्यावर प्रश्नांना आणखी महत्त्व आलं. कोणत्या गावात कुळांना घराबाहेर काढलं, पोलिसांनी कुणावर लाठी चालवली, याचा जाब आयर्लंडच्या कारभाराच्या मंत्र्याला रोज उभं राहून द्यावा लागे.

या बाकांवरच्या काहींचं लक्ष हिंदुस्थानाकडेही होतं. वेस्ट वॉटरफर्डचे खासदार आल्फ्रेड वेब १८९४मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास, १८९२च्या कायद्याने, आपल्याकडच्या कायदेमंडळांना प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला होता. पण उत्तरावर उपप्रश्न करायची मुभा मिळायला १९०९ उजाडावं लागलं. उपप्रश्नाशिवाय प्रश्न म्हणजे एकदाच वाजवायची घंटा. विधानसभेतले तारांकित प्रश्न ज्यांनी ऐकलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

स्वतंत्र आयर्लंडची पहिली डॉल २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये भरली. निवडून आलेल्यांपैकी बरेच जण तुरुंगात होते. हजेरी घेताना त्यांच्या नावापुढे ‘परक्यांच्या कैदेत’ अशा अर्थाचे शब्द उच्चारले गेले. पुढे १९२२मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारातून आयरिश फ्री स्टेट हे नवं राज्य उभं राहिलं तेव्हा सभागृहाची कार्यपद्धती मात्र त्याच परक्यांची, थोडीफार बदललेली, घेतली गेली. या कराराला विरोध करणारे रिपब्लिकन सभागृहात पाऊल टाकत नव्हते. त्यामुळे सरकारला प्रश्न विचारायचं काम मुख्यतः मजूर पक्षाच्या टॉमस जॉन्सन यांच्या छोट्या गटावर पडलं. काळ यादवीचा होता. डिसेंबर १९२२मध्ये चार रिपब्लिकन कैद्यांना खटल्याशिवाय गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा भर युद्धात, त्याच सभागृहात उभं राहून जॉन्सननी सरकारला धारेवर धरलं. रिपब्लिकनांचे नेते डी व्हॅलेरा आणि त्यांचा फियाना फॉल पक्ष १९२७मध्ये आत येईपर्यंत हे असंच चाललं. आयरिश संसदेच्या इतिहासात जॉन्सन यांचं नाव त्या मानाने कमीच घेतलं जातं.

१९३७च्या राज्यघटनेने सरकार डॉलला जबाबदार असेल असं एका ओळीत लिहून ठेवलं. (याच घटनेतून आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना उचलली.) पण मंत्र्याने प्रश्नाला पूर्ण उत्तर दिलंच पाहिजे, असं तिच्यात कुठे म्हटलेलं नाही.

शिवाय प्रश्नांची जातही बदलत गेली, आणि याला कारण निवडणूक पद्धत. आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच टीडी निवडून येतात आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. म्हणजे टीडीचा खरा प्रतिस्पर्धी पुष्कळदा त्याच्याच पक्षाचा असतो. धोरणाच्या बाबतीत दोघांचं मत एकच, मग वेगळेपण दाखवायचं कशात? तर अमक्या आजीबाईंचं पेन्शन, तमक्या शाळेचं छप्पर, गावच्या रस्त्यावरचा खड्डा. याला तिकडे ‘पॅरिश पंप’चं राजकारण म्हणतात. आपल्या भाषेत गावच्या हापशाचं राजकारण. राज्यशास्त्राचे प्राध्यापक बेसिल चब यांनी १९६३मध्येच नोंदवलं होतं की आयरिश लोकप्रतिनिधीचं मुख्य काम म्हणजे मतदारांच्या वतीने सरकारी अधिकाऱ्यांच्या मागे हात धुऊन लागणं. शहरी टीकाकार याला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. आजीबाईंच्या पेन्शनचे शंभर प्रश्न एकत्र ठेवले की पेन्शन खात्याचं धोरणच दिसायला लागतं.

अडचण मोठ्या प्रश्नांची होती, आणि ती उघडी पडली गोमांसाच्या व्यवहारात. १९८०च्या दशकात आयर्लंड इराकला गोमांस विकत होतं. इराकने पैसे बुडवले तर सरकार भरपाई देईल, असा निर्यात विमा होता. १९८७-८८मध्ये हे छत्र मोजक्याच कंपन्यांच्या डोक्यावर धरलं गेलं, त्यात गुडमन समूह प्रमुख. तेव्हा उद्योगमंत्री होते आल्बर्ट रेनॉल्ड्स. १९८९मध्ये मजूर पक्षाचे बॅरी डेस्मंड यांनी आणि वर्कर्स पार्टीच्या सदस्यांनी सभागृहात विचारायला सुरुवात केली: विमा कुणाला, किती, आणि माल खरोखर आयर्लंडचा होता का? उत्तरं मिळाली, पण हातात काही लागलं नाही. त्याच वर्षी डेस ओमॅली उद्योगमंत्री झाले आणि खात्याच्या चौकशीत विमा उतरवलेल्या मांसाचा मोठा हिस्सा देशाबाहेरचा असल्याचं आढळलं. त्यांनी विमा रद्द केला. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, पैसे अडकले आणि गुडमन समूह कोसळू नये म्हणून सुटीवर गेलेली डॉल परत बोलावून कायदा करावा लागला.

एवढं होऊनही चौकशी नेमली गेली ती मे १९९१मध्ये ब्रिटिश टीव्हीवर कार्यक्रम दाखवला गेल्यानंतर. न्यायाधीश लियम हॅमिल्टन यांच्या न्यायासनासमोर कामकाज तीन वर्षं चाललं. सुनावणीच्या ओघात हॅमिल्टन जे बोलले ते आयर्लंडमध्ये आजही ऐकवलं जातं: इथे जशी उत्तरं मिळतात तशी डॉलमध्ये मिळाली असती तर या चौकशीची गरजच पडली नसती, आणि पुष्कळ पैसा व वेळ वाचला असता.

चौकशीचे पडसाद मात्र भलतीकडेच उमटले. मंत्रिमंडळात काय बोलणं झालं हे विचारायला लागताच सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट १९९२मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की मंत्रिमंडळाची गुप्तता अभेद्य आहे. ती थोडी सैल करायला १९९७मध्ये घटनादुरुस्ती करावी लागली. न्यायासनासमोर रेनॉल्ड्स यांनी आपल्याच सहकारी ओमॅलींच्या साक्षीला अप्रामाणिक म्हटलं आणि आघाडी सरकार पडलं. खटला चालला तो फक्त एका व्यक्तीवर: तो टीव्ही कार्यक्रम करणाऱ्या पत्रकार सुझन ओकीफ. माहिती कुणी दिली ते त्यांनी सांगितलं नाही, हा गुन्हा. १९९५मध्ये त्या निर्दोष सुटल्या.

या अनुभवातून १९९७चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. त्यामागे राज्यमंत्री एथ्ना फिट्झजेरल्ड होत्या. टीडीच्या हाती आता दोन वाटा आल्या. सभागृहात प्रश्न विचारायचा, आणि उत्तर गुळमुळीत आलं की सामान्य नागरिकासारखा अर्ज करून कागद मागायचे. निवडून आलेल्या सदस्याला ही दुसरी वाट धरावी लागते हे खरं तर सभागृहाला शोभणारं नाही.

२००५मध्ये आणखी एक पळवाट तयार झाली. आरोग्यसेवा एचएसई नावाच्या स्वतंत्र संस्थेकडे गेली आणि रुग्णालयांबद्दलच्या प्रश्नांना ठरलेलं उत्तर येऊ लागलं: ही सेवेची बाब आहे, प्रश्न एचएसईकडे थेट उत्तरासाठी पाठवला आहे. मग त्या पत्राची वाट बघत बसायचं. २०१४ ते २०१६ या काळात अशी उत्तरं ज्यांच्या नावाने जात ते आरोग्यमंत्री म्हणजे लिओ वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचे चिरंजीव. पुढे पंतप्रधान असताना, २०१८च्या गर्भाशयमुख तपासणी प्रकरणात, त्यांना अशा उत्तरामागे लपता आलं नाही. तपासणीचे जुने निष्कर्ष चुकल्याचं फेरतपासणीत दिसलं होतं, पण बहुतेक बायकांना ते कळवलंच नव्हतं. हे उजेडात आणलं ते व्हिकी फेलन या रुग्ण स्त्रीने, न्यायालयात. टीडींचे प्रश्न त्यानंतरचे.

एकाच सदस्याच्या चिकाटीचं उदाहरण हवं तर कॅथरीन मर्फी यांचं. सरकारने ताब्यात घेतलेल्या अँग्लो आयरिश बँकेचं नवं नाव आयबीआरसी. तिच्या कर्जात बुडालेली साइटसर्व्ह कंपनी २०१२मध्ये सुमारे साडेचार कोटी युरोंना विकली गेली; बँकेने दहा कोटींहून जास्त कर्ज सोडून दिलं, तरी भागधारकांना मात्र ५० लाख मिळाले. मर्फी अर्थमंत्री मायकल नूनन यांना प्रश्नांमागून प्रश्न विचारत राहिल्या. अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांनाच २०१२मध्ये या विक्रीबद्दल शंका होत्या, हे त्यांना कळलं ते माहितीच्या अधिकारातल्या कागदांतून. २८ मे २०१५ रोजी त्या सभागृहात बोलल्या तेव्हा न्यायालयाच्या एका मनाई हुकुमाच्या धाकाने मोठमोठ्या माध्यमांनी ते भाषण छापलंच नाही. संसदेत बोललेलं छापायला मोकळीक आहे, हे २ जूनला न्यायाधीशांना स्पष्ट करावं लागलं.

त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला. मुदत होती २०१५ अखेरची, अहवाल आला २०२२मध्ये. बँकेच्या बाजूने पाहता हा व्यवहार गैरप्रकारांनी इतका डागाळलेला होता की तो व्यावसायिकदृष्ट्या योग्य म्हणता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. मर्फी यांनी २०२४ची निवडणूक लढवली नाही. त्यामुळे जानेवारी २०२५मध्ये, प्रश्न कुणी विचारायचे यावरून गदारोळ झाला तेव्हा त्या सभागृहात नव्हत्या.