पार्श्वभूमी : ग्लारुसच्या डोंगरातले एल्म

स्वित्झर्लंडमधील ग्रामपालिकांच्या आजच्या यादीत एल्म हे नाव सापडत नाही. गाव जागेवर आहे, पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या चर्चचा मनोरा उभा आहे, बस येते आणि हिवाळ्यात बर्फावर घसरायला येणाऱ्यांची गर्दीही होते. पण स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी संस्था म्हणून एल्मचे अस्तित्व १ जानेवारी २०११ रोजी संपले आणि ते ‘ग्लारुस स्यूड’, म्हणजे दक्षिण ग्लारुस, या मोठ्या ग्रामपालिकेत विलीन झाले. हा निर्णय कोणा मंत्रालयाने वरून लादला नव्हता. तो खुल्या मैदानात हात वर करून झाला. असाच एक निर्णय या गावाने त्याआधी सुमारे सव्वाशे वर्षे आपल्या ग्रामसभेत घेतला होता आणि त्याची फार मोठी किंमत मोजली होती. एल्मचा इतिहास समजून घ्यायचा, तर हे दोन्ही निर्णय आणि त्यांच्या मागचा डोंगर एकत्र पाहावा लागतो.

पूर्व स्वित्झर्लंडमधील ग्लारुस हा लहान प्रांत. लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास. त्याच्या मुख्य खोऱ्यातून श्वांडेन या गावाशी एक उपखोरे आग्नेयेला फुटते. झेर्न्फ नदीच्या या खोऱ्यात एंगी, माट आणि एल्म अशी तीन गावे एकापुढे एक लागतात. एल्म सर्वांत शेवटचे, समुद्रसपाटीपासून सुमारे ९८० मीटर उंचीवर. पुढे रस्ता नाही. आहेत त्या पायवाटांच्या खिंडी. हाउसस्टॉक (३,१५८ मीटर), पिझ झेग्नास आणि पिझ सार्दोना या तीन हजार मीटरवरच्या शिखरांनी गावाला वेढले आहे. विलीनीकरणापूर्वी एल्मच्या हद्दीत सुमारे ९० चौरस किलोमीटर क्षेत्र होते आणि माणसे होती काहीशे. म्हणजे गावाच्या मालकीचे बहुतेक सगळे खडक, बर्फ आणि उन्हाळी कुरणे.

या खडकांची रचना साधी नाही. गावाच्या आग्नेयेला चिंगेलहॉर्न नावाच्या सुळक्यांची करवतीसारखी रांग आहे. स्वच्छ दिवशी त्यांच्या कातळावर, कोणी पट्टी धरून आखावी तशी, एक सरळ रेघ दिसते. रेघेच्या वरचा खडक सुमारे २५ ते ३० कोटी वर्षे जुना आहे आणि खालचा त्याच्या मानाने कितीतरी तरुण, पाच कोटी वर्षांच्या आतला. जुने खाली आणि नवे वर हा थरांचा साधा नियम इथे उलटा झालेला पाहून एकोणिसाव्या शतकातले भूवैज्ञानिक चक्रावले होते. आल्प्स पर्वत उचलला जात असताना खडकाचा एक प्रचंड पत्रा दक्षिणेकडून सरकत येऊन दुसऱ्यावर चढला, हे स्पष्टीकरण १८८४ मध्ये मार्सेल बेर्त्रां या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडले. ते सर्वमान्य व्हायला विसावे शतक उजाडले. २००८ पासून हा सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

याच सुळक्यांमध्ये सुमारे वीस मीटर उंचीचे एक आरपार भोक आहे. त्याला ‘मार्टिन्सलोख’, म्हणजे मार्टिनचे भोक, म्हणतात. वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्याआधी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर, सकाळी गाव अजून डोंगराच्या सावलीत असताना सूर्याचा झोत त्या भोकातून येतो आणि चार-पाच किलोमीटर अंतर कापून नेमका चर्चच्या मनोऱ्यावर पडतो. हा प्रकार दोन-चार मिनिटांतच आटोपतो. दंतकथा अशी की, संत मार्टिन इथे मेंढ्या राखत असताना पलीकडच्या बाजूच्या एका राक्षसाने त्या चोरायचा प्रयत्न केला. मार्टिनने त्याच्या दिशेने काठी भिरकावली, ती राक्षसाला न लागता कड्याला लागली आणि कड्याला भोक पडले. भूविज्ञानाचे उत्तर कमी चुरचुरीत आहे: तिथे दोन भेगा एकमेकींना छेदतात आणि त्या जागी मऊ झालेला खडक झिजून गळून पडला.

राजकीयदृष्ट्या एल्मचे नशीब ग्लारुसशी बांधलेले होते. ग्लारुस १३५२ मध्ये स्विस संघात आला. खोऱ्यातल्या लोकांचे रोजचे जगणे मात्र ‘टागवेन’ या संस्थेभोवती फिरत असे. या शब्दाचा मूळ अर्थ एका दिवसाचे काम. कुरणे, जंगल आणि वाटा यांची सामाईक मालकी ज्या घराण्यांकडे होती, त्यांनी सामाईक कामासाठी ठरावीक दिवस श्रम द्यायचे, त्यावरून हे नाव पडले. बाहेरून येऊन राहिलेल्या माणसाला या हक्कात वाटा नसे. गावाशी असलेले हे नाते आडनावांतही उतरले आहे. एल्मर हे या भागातले मोठे घराणे. मराठीत सांगायचे तर ‘एल्मकर’. जंगलाबाबतचा एक जुना निर्णयही नोंदवण्यासारखा आहे: एल्मच्या पश्चिमेचा केर्फ डोंगर १५४८ मध्ये प्रांताने शिकारबंदीखाली आणला आणि तो युरोपातल्या सर्वांत जुन्या संरक्षित क्षेत्रांपैकी एक मानला जातो.

युरोपच्या मोठ्या इतिहासात एल्मचे नाव एका रात्रीपुरते आले. १७९९ च्या शरद ऋतूत रशियाचा सेनापती सुवोरोव इटलीतून आल्प्स ओलांडून आला, तोवर झुरिकपाशी फ्रेंचांनी त्याच्या मदतीच्या फौजेचा पराभव केला होता. वाटा बंद झाल्यामुळे तो झेर्न्फच्या खोऱ्यात शिरला, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एल्ममध्ये मुक्कामाला थांबला आणि ताज्या बर्फातून २,४०७ मीटर उंचीची पानिक्सर खिंड चढून पलीकडे उतरला. या चढणीत त्याने शेकडो माणसे, लादलेली जनावरे आणि उरल्यासुरल्या तोफा गमावल्या. तो ज्या घरात उतरला होता, ते लाकडी घर आजही दाखवले जाते. उपाशी फौज मुक्कामाला आली की गावाचे काय होते, याची कल्पना आपल्याकडच्या जुन्या बखरी वाचणाऱ्याला वेगळी द्यायला नको.

एल्मला खरे वळण लावले ते पाटीने; आपल्या पिढ्यान्‌पिढ्या ज्यावर ‘श्री’ गिरवत आल्या, त्याच दगडी पाटीने. झेर्न्फच्या खोऱ्यातला काळा पाटीचा दगड शतकानुशतके प्रसिद्ध होता. एंगी इथल्या खाणीतून टेबलांचे पृष्ठभाग, छपराच्या फरशा आणि लिहायच्या पाट्या बाहेर जात. एकोणिसाव्या शतकात युरोपभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे होऊ लागले, स्वित्झर्लंडच्या १८७४ च्या राज्यघटनेनेही ते सक्तीचे आणि मोफत केले, आणि पाट्यांची मागणी झपाट्याने वाढली. एल्मच्या वरच्या उतारावर ‘प्लाटेनबेर्ग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी १८६० च्या दशकापासून खाणकाम चालू झाले. सुरुवातीला ते मक्त्याने दिले होते. मक्तेदार पैसा कमावताहेत हे पाहून १८७० च्या दशकाच्या अखेरीस ग्रामसभेने ठरवले की खाण गावानेच चालवायची. कुरणांवर जगणाऱ्या गावाला हिवाळ्यातही मजुरी मिळणार होती. निर्णय लोकप्रिय होता यात नवल नाही.

खाणकामाचा अनुभव मात्र गावाकडे नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी सुमारे १८० मीटर लांब आणि ६० मीटरहून अधिक आत जाणारी एक खाच पडली, आणि वरचा भार पेलायला आधाराचे खांब पुरेसे ठेवले गेले नाहीत. झाडाच्या बुंध्यावर एकाच बाजूने कुऱ्हाड चालवावी, तसे हे काम होते. वरच्या उतारावर भेग पडली आणि ती रुंदावत गेली. १८८१ च्या उन्हाळ्याच्या शेवटी मुसळधार पाऊस झाला आणि पाणी भेगेत उतरू लागले. सप्टेंबरच्या सुरुवातीला दगड इतके सुटू लागले की खाणीचे काम थांबवावे लागले. १० सप्टेंबरला पाहणी झाली. पाहणाऱ्यांना धोका दिसला, पण तो तातडीचा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारभर दगड गडगडत होते आणि लोक ते पाहायला बाहेर उभे होते. सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास डोंगराच्या पूर्वेकडचा एक भाग कोसळला आणि पायथ्याशी असलेल्या उंटरटाल वस्तीच्या कडेची घरे गेली. जे वाचले ते पळाले, काहीजण सामान आणि माणसे काढायला मागे फिरले. सुमारे १७ मिनिटांनी पश्चिमेकडचा भाग आला आणि उंटरटाल नाहीसे झाले. त्यानंतर चारेक मिनिटांनी, दोन्ही बाजूंचा आधार गेलेला मधला भाग पूर्णच सुटला. खाली येताना तो खाणीच्या बैठकीवर आदळून जणू हवेत फेकला गेला. समोरच्या ड्यूनिबेर्ग उतारावर उंच चढलो म्हणजे वाचलो, असे समजून बरेच लोक तिकडे धावले होते. दगडांचा लोट शंभरेक मीटर चढून तिथवरही पोहोचला आणि मग वळून खोऱ्यातून खाली वाहत गेला. मिनिटभराच्या आतबाहेर सारे शांत झाले. सुमारे एक कोटी घनमीटर खडक खाली आला होता. ११४ माणसे दगावली, ८३ इमारती गेल्या आणि खोऱ्यातली जवळपास ९० हेक्टर सुपीक जमीन दगडांखाली गेली. बहुतेकांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत.

या दुर्घटनेचा अभ्यास झाला तो झुरिकचे भूविज्ञानाचे प्राध्यापक आल्बेर्ट हाइम आणि ग्लारुसचे पाद्री एर्न्स्ट बुस यांच्यामुळे. बचावलेल्यांच्या जबान्या त्यांनी जुळवल्या आणि मोजमापे घेतली. एवढा मोठा कडा कोसळल्यावर ढीग होऊन थांबत नाही, तर द्रवासारखा सपाटीवरून दूरवर वाहतो, हे हाइम यांनी इथे टिपले. त्यातूनच पुढे ‘श्टुर्त्सश्ट्रोम’, म्हणजे कोसळत्या खडकांचा प्रवाह, ही संज्ञा रूढ झाली. १९७० च्या दशकात केनेथ स्यू या शास्त्रज्ञाने एल्मची ही सामग्री पुन्हा तपासली आणि ती चंद्रावरच्या दरडींच्या चर्चेतही आली. दरडींच्या अभ्यासात या गावाचे नाव आजही पहिल्या काही उदाहरणांत घेतले जाते. गावाच्या माणसांना असल्या कीर्तीचा काय उपयोग, हा प्रश्न निराळा.

आश्चर्य वाटावे अशी गोष्ट म्हणजे गावाने पाटीचा धंदा सोडला नाही. १८९८ मध्ये एल्ममध्ये पाट्यांचा कारखाना सुरू झाला आणि तो १९८३ पर्यंत चालला. आज त्याचे संग्रहालय आहे. तिथे दगडाचे थर छिन्नीने सोलून वेगळे करणे, पातळ पत्रा घासून गुळगुळीत करणे, त्यावर रेघा आखणे आणि शेवटी लाकडी चौकट बसवणे, या सगळ्या पायऱ्या जुन्या यंत्रांवर दाखवतात. या कामातली धूळ कामगारांच्या फुप्फुसांत बसत असे, हाही त्या इतिहासाचा भाग आहे.

बाकी विसावे शतक तुलनेने सुखाचे गेले. १९०५ मध्ये श्वांडेनहून एल्मपर्यंत विजेवर चालणारी छोटी आगगाडी आली. ती १९६९ मध्ये बंद होऊन तिच्या जागी बस आली. गावच्या खनिज पाण्यापासून १९२७ पासून ‘एल्मर सिट्रो’ हे लिंबाच्या स्वादाचे पेय तयार होऊ लागले. स्वित्झर्लंडमध्ये ते घरोघरी माहीत आहे, आणि गावाचे नाव अनेकांना दरडीमुळे नव्हे तर या हिरव्या बाटलीमुळे ठाऊक असते. बर्फावरच्या खेळांच्या सोयी झाल्या. इथेच जन्मलेल्या फ्रेनी श्नायडर या स्कीपटूने १९८८ आणि १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिळून तीन सुवर्णपदके जिंकली. जुनी लाकडी घरे आणि गावाची ठेवण नीट जपल्याबद्दल १९८१ मध्ये एल्मला वाकर पुरस्कार देण्यात आला. दरडीला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती.

तरीही ग्रामपालिका टिकली नाही. ग्लारुस प्रांतात २५ राजकीय ग्रामपालिका होत्या आणि त्यांच्या जोडीला शाळा, समाजकल्याण आणि टागवेन यांच्या वेगळ्या संस्था. काहीशे वस्तीच्या गावांना पदांवर बसायला माणसे मिळेनात आणि खर्च पेलेनात. ७ मे २००६ रोजी ग्लारुस शहरात ‘लांड्सगेमाइंडे’ भरली, म्हणजे प्रांतातल्या सर्व मतदारांची खुली सभा, जिथे कोणीही मतदार उठून दुरुस्ती सुचवू शकतो आणि मते हात वर करून दिली जातात आणि ती एकेक मोजण्याऐवजी नजरेने अजमावली जातात. सरकारचा प्रस्ताव २५ च्या दहा ग्रामपालिका करण्याचा होता. सभेतल्या एका मतदाराने दहाच्या ऐवजी तीनच करा, असे सुचवले, आणि सभेने तेच उचलून धरले. सरकारलाही ते अनपेक्षित होते. विरोधकांनी आग्रह धरून नोव्हेंबर २००७ मध्ये विशेष सभा भरवायला लावली; तिनेही आधीचाच कौल कायम केला.

ग्लारुस स्यूडचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर झाले आणि काही वर्षे ती क्षेत्रफळाने देशातली सर्वांत मोठी ग्रामपालिका ठरली. डोंगर मात्र तोच राहिला. २९ ऑगस्ट २०२३ रोजी खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या श्वांडेनमध्ये दरड आली, घरे मोडली, शंभराच्या आसपास लोकांना बाहेर काढावे लागले आणि त्यांतल्या काहींना परत जाताच आले नाही. १८८१ मध्ये एल्मकरांनी खाण चालवायची की थांबवायची हे आपापसांत ठरवले होते; श्वांडेनमधली कोणती घरे रिकामी करायची आणि कोणती कायमची सोडायची, हा निर्णय आता एल्मसकट साऱ्या दक्षिण खोऱ्याचा कारभार पाहणाऱ्या एकाच ग्रामपालिकेच्या टेबलावर येतो.