केळीच्या खोक्यातली पुडी पिकवत नाही, थोपवते

रावेर-सावद्याकडे अजून ऐकू येतं, परदेशी जाणाऱ्या केळीच्या खोक्यातली पुडी म्हणजे 'पिकवायची पावडर'. नेमकं उलट आहे. केळी स्वतःच इथिलीन वायू सोडतात आणि त्यानेच पिकतात. एक फणी पिवळी पडली की शेजारचीही पिकायला लागते. पुडीतलं पोटॅशियम परमँगनेट, विहिरीत टाकायचे तेच जांभळे खडे, हा वायू खाऊन टाकतं. काम झालं की जांभळे दाणे तपकिरी पडतात. (पुडी पोरांच्या हाती मात्र देऊ नका.) लोकांच्या डोक्यात असतं ते कार्बाइड, त्याने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. बाकी पुडी काही जादू नव्हे, १३-१४ अंशांचा गारवा लागतोच. त्याहून फार गार केलं तर साल काळवंडते.