वही मिटल्यावर

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सातारा स्टँडवर ठोसेघरकडच्या गाडीची वाट बघणाऱ्यांत कॉलेजची पोरं लगेच ओळखू येतात. सॅक मांडीवर, सॅकवर वही, वहीवर मान. आमच्या वर्गातला एक मुलगा मला तिथं हमखास दिसायचा. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. वहीतल्या जवळजवळ प्रत्येक ओळीवरून पिवळा हायलायटर फिरलेला. पहिल्या सत्रात त्याचे तीन विषय राहिले. मी शेजारी बसले तर म्हणाला, "मॅडम, चारचारदा वाचतोय ओ. वाचताना सगळं कळतंय. पेपर हातात आला की काय आठवतच नाय. माझं डोकंच नाय या लायनीचं."

हे शेवटचं वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या तोंडून ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की पोटात तुटतं. ते बोलणारी मुलं बहुतेक वेळा घरातली पहिली कॉलेजात आलेली असतात. जावळीतली, पाटणकडची, कुणी जत-आटपाडीहून पाहुण्यांकडे राहायला आलेली. शहरातला मुलगा नापास झाला तर पेपर अवघड होता म्हणतो. ही मुलं मात्र स्वतःच्या मेंदूवरच ठपका ठेवतात.

त्याच्या बोलण्यातलं "वाचताना सगळं कळतंय" हे मात्र खरं होतं, आणि अडचण नेमकी तिथंच होती. चौथ्यांदा वाचलेलं पान ओळखीचं वाटतं. बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही, तसं हे आहे. ओळखणं आणि आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं. परीक्षेत कामाला येतं ते दुसरं, आणि आपण तासन् तास सराव करतो तो पहिल्याचा.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा 2006 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी दर जूनमध्ये नव्या वर्गाला सांगते. त्यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून जेवढं आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, त्यांना 81 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 75. इथंच थांबलं असतं तर वाचणंच बरं म्हणायची वेळ आली असती. पण आठवड्यानं पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, कागदावर उतरवणाऱ्यांना 56 टक्के. दुसऱ्या प्रयोगात एका गटाला उतारा चार सत्रांत वाचायला दिला. दुसऱ्यानं एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत फक्त आठवून लिहिला. आठवड्यानं पहिल्या गटाला 40 टक्के आठवलं, दुसऱ्याला 61.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट पुढची आहे. त्या विद्यार्थ्यांना आधीच विचारलं होतं, आठवड्यानं तुम्हाला किती आठवेल असं वाटतं? सगळ्यात जास्त खात्री होती ती वाचतच राहिलेल्यांना. म्हणजे आपला अभ्यास बरा चाललाय की नाही हे सांगणारं आपलं मनच इथं फसवतं. आठवायला बसलं की अडखळायला होतं, लाज वाटते, काहीच येत नाही असं वाटतं. वाचताना मात्र सगळं सुरळीत. मुलगा सुरळीत वाटणारी वाट धरतो आणि पेपरात अडकतो. दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून दहा वेळा एखाद्या गावाला गेलं तरी फाटा कुठला ते सांगता येत नाही. एकदा स्वतः चालवत गेलं, चुकलं, परत वळलं, की तो फाटा आयुष्यभर विसरत नाही. आठवण्याची धडपड हीच मेंदूत तो फाटा पक्का करते.

पोवई नाक्यावरून जाताना खाजगी क्लासचे फ्लेक्स वाचले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्यात 'टेस्ट सिरीज' हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. दर रविवारी पेपर, मागच्या भागावरचे प्रश्न पुन्हा, चुकलेले पुन्हा. म्हणजे आठवून लिहिणं, आणि तेही दिवसांचं अंतर ठेवून. अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं 1885 साली स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. ज्याचे आईवडील क्लासची फी भरू शकतात त्याला हे आयतं मिळतं. असं काही असतं हेही त्याला माहीत असावं लागत नाही. ज्याला परवडत नाही तो पिवळा हायलायटर घेतो. दोघांच्या गुणांतला फरक आपण हुशारीच्या खात्यावर मांडतो, याचा मला खरोखर राग येतो. कोरा कागद तर दोघांनाही सारख्याच किमतीला मिळतो.

भाषेचं ओझं यात वेगळं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला तासगावचे बेदाणे पाण्यात टाकल्यावर का फुगतात हे चांगलं सांगता येतं. कॉलेजात त्याच गोष्टीला 'ऑस्मॉसिस थ्रू अ सेमीपरमिएबल मेम्ब्रेन' म्हणतात आणि तो गप्प होतो. आपली कार्यकारी स्मृती, म्हणजे विचार करताना मनाच्या हातात धरलेल्या गोष्टी, फार लहान असते. नेल्सन कोवान यांनी 2001 साली ती मर्यादा साधारण चार गोष्टींची असल्याचं मांडलं. त्यातल्या दोन जागा शब्दांचे अर्थ लावण्यातच अडकल्या, तर विज्ञान कुठं ठेवायचं? म्हणून मी आता आधी बेदाण्यांची वाटी टेबलावर ठेवते, मराठीत बोलते, आणि इंग्रजी शब्द सगळ्यात शेवटी फळ्यावर लिहिते.

पैशाची काळजीही त्याच लहानशा जागेत शिरते. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा अभ्यास 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. तोडणीच्या आधी हात आखडलेला असताना आणि नंतर पैसे आल्यावर, त्याच माणसांच्या विचारशक्तीच्या चाचण्या घेतल्या. नंतरचे गुण सरस होते. अमेरिकेत पगाराच्या दिवसाआधी आणि नंतर घेतलेल्या तशाच चाचण्यांत हा फरक सापडला नाही, त्यामुळे हा निष्कर्ष जपूनच वापरायला हवा. पण ऊस कारखान्याला गेलाय, बिल अजून आलं नाही, आणि मेसचे पैसे थकलेत, अशा आठवड्यात मुलाचं वर्गात लक्ष कसं नसतं ते साताऱ्या-सांगलीच्या कुठल्याही मास्तराला विचारा.

मग करायचं काय? याचं मला पटलेलं उत्तर कॅलिफोर्नियातून येतं, आणि विचित्र वाटेल, पण ते साताऱ्याच्या धनिणीच्या बागेतल्या जुन्या वसतिगृहातच पोचतं.

1970च्या दशकात बर्कली विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलस या गणिताच्या विषयात मोठ्या संख्येनं नापास होत होते. प्राध्यापक म्हणत, पाया कच्चा आहे, घरचं लक्ष नाही, गरिबी आहे, जिद्द नाही. युरी ट्रीसमन या तरुण गणितज्ञानं या समजुतींवर विसंबून राहायचं नाकारलं. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले आणि ते प्रत्यक्ष कसे राहतात, कसा अभ्यास करतात, ते पाहिलं. वरच्यापैकी एकही कारण टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलं सांगितल्याप्रमाणे आठवड्याला आठ तास प्रामाणिकपणे अभ्यास करत होती, पण एकटी. चिनी मुलं एकट्यानं करून झालं की एकत्र जमत, कधी मिळून स्वयंपाक करत आणि जेवता जेवता एकमेकांची उत्तरं तपासत, एकमेकांचं इंग्रजीही दुरुस्त करत. कोण कुठं अडलंय आणि आपण वर्गात नेमके कुठं आहोत हे त्यांना कळत होतं. एकट्या मुलाला ते पेपर हातात आल्यावरच कळायचं. ट्रीसमननं कच्च्यांसाठी सोप्या गणितांचे ज्यादा तास लावले नाहीत. उलट अवघड गणितं दिली आणि मुलांना गटात बसवलं. निकाल बदलले.

मिळून स्वयंपाक, मिळून अभ्यास. हे वाचलं तेव्हा मला कर्मवीर भाऊराव पाटलांचं बोर्डिंगच डोळ्यांसमोर आलं. 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू झाली, 1924 साली साताऱ्यात वसतिगृह. 1927 साली गांधीजींनी येऊन त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत, स्वतः भाकरी थापत, पाणी भरत, शेतात राबत, आणि मग एकत्र अभ्यासाला बसत. मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रही गेलं. आपण ही कहाणी त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण शिकण्याच्या शास्त्राच्या अंगानं पाहिलं तर तिथं खेड्यातल्या मुलाला फुकटात मिळत होती ती सोबत, जिच्यात न लाजता चुकता येतं.

आज वसतिगृहात जागा मिळत नाही तो मुलगा रोज येऊन-जाऊन शिकतो. प्रॅक्टिकल संपलं की गाडी गाठायला धावतो. ग्रंथालयातल्या गप्पा, कॅन्टीनमधली "हे तुला आलं का" ही विचारपूस त्याच्या वाट्याला येतच नाही. म्हणून अभ्यासगट वर्गाच्या तासातच व्हायला हवा, असं माझं ठाम मत झालंय. विज्ञान-गणिताच्या पदवी वर्गांवरच्या अनेक अभ्यासांची एकत्रित तपासणी 2020 साली अमेरिकेत झाली. नुसतं व्याख्यान देण्याऐवजी वर्गात प्रश्न सोडवून घेतले तेव्हा वंचित गटांतल्या आणि इतर विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या गुणांतली दरी 33 टक्क्यांनी घटली. मी आता पन्नास मिनिटांतली शेवटची पंधरा सोडते. वह्या मिटायच्या, चौघांनी एकत्र बसायचं, एकमेकांना विचारायचं. पोर्शन मागे पडतो, हे खरं आहे. मला तो पडू देणं पटतं.

परवा सज्जनगडला जायला मी त्याच ठोसेघरच्या गाडीत होते. तो मुलगा दोन सीट पुढे, शेजारी त्याच्याच वर्गातली परळीची मुलगी. वही तिच्या मांडीवर उघडी. गाडी बोगद्यात शिरली, आत अंधार झाला, अक्षरं दिसेनाशी झाली.

"आता सांग," ती म्हणाली, "गुणसूत्रं मधल्या रेषेवर कधी येतात?"

"थांब, सांगू नको." तो डोळे मिटून बसला. बोगदा तसा लहानच आहे. पलीकडे उजेड आला तरी त्यानं डोळे उघडले नव्हते.