लेअरचा नर आणि गिरिराजाचा नर: पिल्लू सारखं, हिशेब वेगळा

विदर्भातल्या आठवडी बाजारात पिल्लेवाला भेटतोच. मोटारसायकलच्या मागे जाळीचे खोके, त्यात गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्ले. "घ्या नं मावशी, गावरानीच हायेत. पाच महिन्यांत अंड्यावर येतात." पोरांच्या हट्टापायी मावशी चार-सहा घेते. पाच महिन्यांनी जी एक-दोन उरतात ती अंड्यावर येत नाहीत, आरवायला लागतात.

त्याच गावात दुसऱ्या घरी बचत गटातून आलेली गिरिराजा किंवा वनराजा या सुधारित जातींची पिल्ले असतात. त्यांतही निम्मे नर. दोन्ही घरचे कोंबडे एकाच उकिरड्यावर चरताना दिसले की 'नर तो नर' असं वाटणं साहजिक आहे. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्ले मारतात, त्याला पर्याय काय, या चर्चेतही हे दोघं एकाच टोपलीत टाकले जातात. 'मारू नका, वाढवा' हा सल्ला मात्र एकाच्या बाबतीत सहज खरा आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत महागडा.

रंगीत पिल्लू बहुतेक वेळा लेअर हॅचरीतला, म्हणजे लेअरची अंडी उबवून पिल्ले काढतात तिथला, नर असतो. लेअर ही फक्त अंड्यांसाठी घडवलेली कोंबडी. आपल्याकडची पांढरी लेअर वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. एवढी अंडी काढायची तर खाल्लेलं अंड्यात जायला हवं, अंगावर चढायला नको. तशीच निवड पिढ्यान् पिढ्या झाली. तिचा सख्खा भाऊ तोच किडकिडीत बांधा घेऊन येतो. अंडी तो देणार नाही आणि मांसही धरणार नाही. मांसासाठीचा ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जातो. लेअरच्या नराला दीड किलो व्हायला चार महिने लागतात आणि किलोमागे खाद्य दुप्पट तरी जातं. म्हणून तो पहिल्याच दिवशी वेगळा काढला जातो. जगभर अशी काहीशे कोटी पिल्ले दरवर्षी यंत्रात दळून किंवा वायूने मारली जातात. आपल्याकडे त्यातला काही माल रंग लावून बाजारात येतो, एवढंच.

वेगळा काढतात कसा, हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. एका दिवसाच्या पिल्लाचा पंख अलगद उलगडला की पिसांच्या दोन रांगा दिसतात. खालच्या रांगेतली पिसं वरच्यांपेक्षा ठळक लांब असली तर मादी. दोन्ही सारखी किंवा वरची लांब, तर नर. सरावलेल्या माणसाला पिल्लामागे काही क्षण पुरतात. पण ही खूण त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या वाणातच चालते. घरच्या गावरानी पिल्लाचे पंख उलगडून काही कळत नाही, उगाच पिल्लू दमतं.

गिरिराजा बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाली, वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत. दोन्ही दुहेरी कामाच्या: मादी अंड्याला, नर मांसाला. परसातली वनराजा वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी देते, म्हणजे लेअरच्या निम्मीही नाहीत. पण नर तीन-साडेतीन महिन्यांत विकण्याजोगा भरतो, तोही बराचसा सांडलेल्या धान्यावर, किड्यांवर आणि धानाच्या कोंड्यावर. रंग गावरानीसारखा असल्याने बाजारात भावही बरा मिळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत कोंबड्याला मागणी असतेच. इथे नर मारायचा की नाही, हा प्रश्न पहिल्या दिवशी पडतच नाही. शेवटी तो कापलाच जातो, हे खरं. पण खाऊन-चरून, वयात येऊन.

युरोपात नेमका लेअरचाच नर वाढवायची चळवळ झाली. जर्मनीत त्याला भाऊ-कोंबडा म्हणतात. वाढवण्याचा तोटा त्याच्या बहिणीच्या अंड्यावर काही सेंट जास्त लावून भरून काढतात. ज्या गिऱ्हाइकाला ते परवडतं तिथे ठीक. आपल्या चौकात अंड्याला रुपया वाढला तर काय बोलणी बसतात, हे अंडेवाल्याला विचारा.

जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्ले मारण्यावर बंदी आणली, पाठोपाठ फ्रान्सने. तिथे मोठ्या हॅचऱ्यांचा भर आता अंड्यातच नर ओळखण्यावर आहे. अंडं २१ दिवस उबवावं लागतं. नवव्या दिवसाच्या सुमारास लेसरने कवचाला बारीक छिद्र पाडून थेंबभर द्रव काढतात आणि त्यातलं संप्रेरक तपासतात. दुसरी पद्धत अंड्यातून प्रकाश टाकून आतल्या पिसांचा रंग पाहण्याची. ती तपकिरी लेअरमध्ये चालते, कारण तिथे नर आणि मादीच्या पिसांचा रंग वेगळा असतो. आपल्याकडे बहुतेक पांढरी लेअर, म्हणून ही स्वस्तातली युक्ती तशीच उचलून आणता येत नाही. तरी शहरांना रोज लागणारी अंडी गिरिराजावर निघणार नाहीत. मोठ्या हॅचरीला अंड्यातच नर ओळखण्याचा रस्ता आज ना उद्या धरावा लागेल, असं मला वाटतं. परसातल्या दहा कोंबड्यांशी मात्र त्या यंत्राचा काही संबंध नाही.

बाजारात दोन्ही पिल्ले ओळखायची कशी? पांढऱ्या लेअरचा नर जन्मतः फिकट पिवळा, सगळे एका छापाचे. गिरिराजा-वनराजाच्या पिल्लांत तपकिरी, पट्टेरी, काळसर असे नाना रंग दिसतात. म्हणून रंगात बुडवलेलं पिल्लू दिसलं की ते बहुधा लेअरचा नर, हे आधीच समजावं. रंग पिसांबरोबर झडतो. दोन महिन्यांचा झाल्यावर तर सांगायलाच नको: लेअरच्या नराला मोठा लाल तुरा, बारीक पाय आणि छातीला हाड लागतं. गिरिराजाची छाती हाताला भरलेली लागते.

आणखी एक फरक, जो पिल्लेवाला सांगत नाही. फेकायच्या मालाला बहुतेक लस मिळालेली नसते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला बत्तीस-तेहतीस अंशांची ऊब लागते, आणि ही पिल्ले दिवसभर उघड्या खोक्यात हिंडलेली. ती खुराड्यात आणली की मानमोडी (राणीखेत रोग) घरच्या कोंबड्यांतही शिरू शकते. दया म्हणून घेतलेली चार पिल्ले अख्खा कळप घेऊन जातात. घेतलीच, तर पंधरा दिवस वेगळ्या डालीखाली, बल्ब लावून ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस द्या.

पंचायत समितीतून अनुदानावर मिळणाऱ्या कोंबड्यांच्या गटातही हा नराचा प्रश्न लपलेला आहे. तलंगा (अंड्यावर यायच्या आधीच्या तरुण कोंबड्या) गटात २५ माद्या आणि ३ नर येतात. एकदिवसीय पिल्लांच्या गटात १०० पिल्ले, नर-मादी मिसळ. पहिला गट सोपा वाटतो, कारण उरलेले नर दुसऱ्या कुणीतरी वाढवून विकलेले असतात. दुसऱ्यात पन्नासेक नर तुमच्याच अंगणात वाढणार. अर्ज भरताना जात कोणती ते विचारून घ्या. दुहेरी जात असेल तर त्या पन्नासांतून खाद्याचा खर्च निघतो. नुसत्या अंड्याची जात असेल, तर एकदिवसीय पिल्लांपेक्षा तलंगाच घ्या.