पडद्यावरची सिस्टर कुठून आली?

बेळगावातल्या एका वॉर्डात आईजवळ मी सलग आठ रात्री बसलो. पहाटे चारला सिस्टर यायची, मनगटावरच्या घड्याळावर सलाइनचे थेंब मोजायची, चाक जरा आवळायची. आईला विचारायची, "आजी, दुखतंय काय अजून?" आणि शेजारच्या सौंदत्तीच्या म्हातारीला, "अज्जी, निद्दे बंता?" (झोप लागली का?) राउंडला खानापूरकडच्या पेशंटचं मराठी डॉक्टरांना कन्नडमध्ये तीच सांगायची, त्यांचं उत्तर परत मराठीत. चार्ट मात्र इंग्रजीत. हे काम मला कुठल्याच सिनेमात दिसलेलं नाही.

या न दिसण्याची मुळं जुनी आहेत. चिकोडी, अथणी, निपाणीकडची माणसं आजही उपचाराला मिरजेला जातात. तिथलं मिशन हॉस्पिटल विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं. 'सिस्टर' हा शब्द आणि ती पांढरी टोपी अशा मिशनच्या आणि इंग्रजी इस्पितळांतून आपल्याकडे रुळली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची. सोवळ्याओवळ्याच्या समाजाला हे काम आपल्या लेकीसुनांसाठी नको होतं. सुरुवातीला पुढे आल्या त्या बऱ्याचशा ख्रिस्ती मुली आणि आधार नसलेल्या विधवा. समाजाची ती शंकेची नजर सिनेमानं जशीच्या तशी उचलली. मग नर्सला एक तर देवी करायचं, नाही तर थट्टेचा विषय.

'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) काढणारे व्ही. शांताराम आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे. सोलापूरच्या कोटणीसांची चिनी पत्नी क्वो छिंगलान स्वतः परिचारिका, पण कहाणी डॉक्टरांच्या नावावर. 'दिल अपना और प्रीत पराई'मध्ये (१९६०) मीनाकुमारीची नर्स डॉक्टरवर मुकाट प्रेम करत राहते.

'खामोशी' (१९७०) मात्र माझ्या मनातून जात नाही. असित सेन यांनी आपल्याच १९५९ च्या बंगाली 'दीप ज्वेले जाई'वरून तो केला. मनोरुग्ण बरा व्हावा म्हणून वहिदा रेहमानच्या राधानं प्रेमाचं नाटक करायचं, आणि वरिष्ठ डॉक्टरच्या लेखी तो उपचार. पहिला पेशंट बरा होऊन निघून जातो. दुसऱ्या वेळी ती स्वतःच कोसळते आणि त्याच वॉर्डात रुग्ण म्हणून दाखल होते. माया लावणं हा नर्सच्या ड्यूटीचाच भाग धरला जातो, त्यानं तिची होणारी झीज कुणी विचारत नाही. हे इतकं स्पष्ट दाखवणारा हिंदी सिनेमा मला दुसरा आठवत नाही. तरीही लोकांच्या लक्षात राहिली ती 'त्यागी राधा', आणि याचं मला वाईट वाटतं.

सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय तर दाराआडच राहिले. 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.'मध्ये (२००३) फरशी पुसणाऱ्या म्हाताऱ्याला मुन्ना मिठी मारतो, तेव्हा आपल्या थेटरांतही लोक गलबलले. मराठीत 'श्वास'नं (२००४) अमृता सुभाषच्या रूपानं वैद्यकीय समाजसेविका दाखवली. गावाकडच्या आजोबांना आणि डॉक्टरला जोडणारा दुवा तीच आहे, आमच्या वॉर्डातल्या सिस्टरसारखी.

मल्याळम 'टेक ऑफ' (२०१७) आणखी पुढे गेला. २०१४ मध्ये इराकमधल्या तिक्रितला अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिकांच्या सुटकेवर तो बेतलेला आहे. त्यातली समीरा कर्ज फेडायला परदेशात जाते आणि पगाराबद्दल उघड बोलते. सीमाभागातल्या कितीतरी घरांत मुलीला नर्सिंगला घालताना हाच हिशेब मांडलेला असतो.