कोटाआड राहणाऱ्या होल्स्टरची घडण

अमेरिकेत आज एखादा कारागीर कपड्यांखाली बाळगायच्या पिस्तुलासाठी चामड्याचे होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचे म्यान, हाताने शिवतो, तेव्हा त्याच्यासमोरचा आराखडा चित्रपटांतल्या काउबॉयकडून आलेला असावा, असे सहज वाटते. प्रत्यक्षात हा आराखडा बहुतांशी १९२० ते १९७५ या काळात घडला. तो घडवणाऱ्यांत टेक्सासमधील एक खोगीर बनवणारा, न्यूयॉर्कमधील एक चर्मकलाकार आणि साध्या वेशात काम करणारे पोलीस होते. बंदुकांच्या कारखान्यांचा त्यातला वाटा फार थोडा.

मुळात होल्स्टर घोड्याचे होते. १८४७ सालचे कोल्ट वॉकर रिव्हॉल्व्हर सुमारे दोन किलो वजनाचे होते, ते कमरेला लावून दिवसभर वावरणे अवघड असल्याने खोगिराच्या पुढच्या बाजूला टांगलेल्या चामडी पिशवीत ठेवले जाई. १८५१ सालचे तुलनेने हलके कोल्ट नेव्ही आले आणि सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात गेलेल्या लोकांत कमरपट्ट्यावर अडकवण्याचे चिंचोळे होल्स्टर रुळले. तेही सर्वांना दिसेल असेच असे.

शस्त्र लपवणे मात्र कायद्याच्या डोळ्यांत फार लवकर खुपू लागले. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ सालीच लपवून शस्त्र बाळगण्यास मनाई केली. उघडपणे शस्त्र बाळगणारा सरळ माणूस आणि लपवणारा दगाबाज, अशी तेव्हाची सर्वसाधारण धारणा होती. त्यामुळे शहरांत पिस्तुलाची नेहमीची जागा म्हणजे खिसा. ऍरिझोनातील टूमस्टोन गावात २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झालेली चकमक असंख्य वेळा रंगवून सांगितली गेली आहे. पण त्या दिवशी पिस्तूल आपल्या ओव्हरकोटाच्या खिशात होते, असे त्या चकमकीत भाग घेतलेल्या वायट अर्प याने स्वतःच्या जबानीत नोंदवले आहे. पुढे न्यूयॉर्क राज्याने १९११ साली लपवता येण्याजोग्या शस्त्रांसाठी परवाना सक्तीचा केला. अशा शहरांत कोटाखाली पिस्तूल बाळगण्याची रोजची गरज उरली ती प्रामुख्याने पोलिसांना.

या गरजेला पहिले नेटके उत्तर टेक्सासमधील एल पासो येथे मिळाले. तेथील पोलीस अधिकारी टॉम थ्रीपर्सन्स याच्या कल्पनेवरून १९२० च्या दशकात खोगीर बनवणारे सॅम मायर्स यांनी जे होल्स्टर तयार केले, त्यात जुन्या नमुन्यांतले जास्तीचे चामडे जवळजवळ सगळे छाटले होते: मागे पट्टा घट्ट बसेल एवढाच पदर, मूठ हाताला सापडावी म्हणून दिलेला तिरका कल, आणि चापाभोवतीची कडी उघडी. उघडा चाप आजच्या कारागिराला मुळीच मान्य होणार नाही, परंतु बाकीची रचना अजूनही जशीच्या तशी कापली जाते.

१९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चिक गेलॉर्ड यांनी या धंद्याची दिशा बदलली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे शहरातले गुप्तहेर आणि पोलीस. सूट घालून, कोटाचे बटण उघडे ठेवून हिंडणारी ही माणसे. गेलॉर्ड यांनी ठरावीक पिस्तुलाच्या अंगावर चामडे बसवण्याच्या तंत्रावर भर दिला. ओले केलेले चामडे पिस्तुलावर चढवून हाडाच्या किंवा गुळगुळीत लाकडाच्या हत्याराने प्रत्येक कंगोऱ्यावर दाबत न्यायचे आणि तसेच वाळू द्यायचे, म्हणजे वाळल्यावर ते चामडे पिस्तुलाला स्वतःच्या आकाराने धरून ठेवते आणि वरून बंदाची गरज राहत नाही. आज खऱ्या शस्त्राऐवजी बहुधा त्याच मापाची प्लास्टिकची प्रतिकृती वापरतात. पद्धत तीच आहे.

ही पद्धत चामड्याच्या निवडीवर अवलंबून आहे. १८८४ साली ऑगस्टस शुल्झ यांनी क्रोम क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले आणि स्वस्त, मऊ चामडे मुबलक झाले; परंतु ते चामडे दिलेला आकार धरून ठेवत नाही, शिवाय त्यात राहिलेल्या क्षारांनी पोलाद गंजण्याची भीती असते. म्हणून होल्स्टरसाठी वनस्पतींच्या रसात कमावलेले, साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचे गाईबैलाचे चामडेच घेतले जाते. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तो प्रकार याच कुळातला. रापीने कापणे, आरीने भोके पाडणे आणि मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून समोरासमोरून टाके घालणे, ही कामे पाहणाऱ्या कोल्हापूरच्या कारागिराला ओळखीची वाटतील.

यानंतरची मोठी भर घातली ती कॅलिफोर्नियातील अमली पदार्थविरोधी विभागात वेषांतर करून काम करणाऱ्या ब्रूस नेल्सन यांनी. उन्हाळ्यात कोट नसतो, मग पिस्तूल लपवायचे कुठे, या प्रश्नावर त्यांनी पँटच्या आत बसणारे ‘समर स्पेशल’ काढले आणि आयडाहोतील मिल्ट स्पार्क्स यांच्या कार्यशाळेने ते प्रसिद्धीस नेले. त्यात चामड्याची खरखरीत बाजू बाहेर ठेवली होती, ज्यामुळे होल्स्टर कपड्याला धरून राहते. तोंडाशी शिवलेल्या पट्टीत धातूची ताण देणारी कड होती, ज्यामुळे पिस्तूल काढल्यावर तोंड मिटत नाही आणि एका हाताने ते परत ठेवता येते. ही सोय म्हणजे निव्वळ आराम नव्हे. जुने, मऊ पडलेले चामडे तोंडाशी आत दुमडून चापावर दाबले गेल्याने गोळी सुटण्याचा धोका असतो. १९८० च्या दशकात बाहेरून सुरक्षेची वेगळी खिटी नसलेली ग्लॉकसारखी पिस्तुले पोलिसांत पसरल्यावर चाप पूर्ण झाकणे आणि तोंड ताठ ठेवणे हा नियमच झाला. ‘समर स्पेशल’च्याच सुमारास आर्कान्साचे रॉय बेकर यांचे दोन सपाट पदरांचे ‘पॅनकेक’ होल्स्टर लोकप्रिय झाले. पदरांच्या दोन्ही कडांना पाडलेल्या फटींतून पट्टा ओवला की पिस्तूल आपोआप अंगाशी ओढले जाते, इतकी ती सोपी युक्ती होती.

गिऱ्हाईक बदलले ते फ्लोरिडामुळे. १९८७ साली त्या राज्याने, ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्या नागरिकाला लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना द्यावाच लागेल, असा कायदा केला आणि एकेक राज्य त्या वाटेने गेले. लपवून शस्त्र बाळगण्यास मुळीच परवानगी न देणारे शेवटचे राज्य इलिनॉय होते, त्यानेही २०१३ मध्ये कायदा बदलला. आता निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याचीही अट राहिलेली नाही. त्या समाजाला यातून काय मिळाले हा वाद तेथे तीव्र आहे आणि तो या टिपणाचा विषय नाही, मात्र एकट्यादुकट्या चर्मकाराला पोलिसांपलीकडे बाजारपेठ मिळाली ती या कायद्यांमुळे, हे स्पष्ट आहे.

त्याच बाजारपेठेत कायडेक्स नावाच्या, उष्णतेने वाकणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्याने शिरकाव केला. तो घामाने भिजत नाही, सैल पडत नाही आणि त्याचे होल्स्टर थोड्या वेळात तयार होते. चामड्याच्या बाजूने उरते ती अंगाला न बोचण्याची सोय, आवाज न होणे आणि घडणीतला देखणेपणा. पिस्तुलावर बसवलेली नेम धरण्याची छोटी भिंगे आणि दिवे यांनी अलीकडे नवी अडचण उभी केली आहे: भिंगासाठी पुढची कड खाली कापली की भागते, पण दिव्याचा फुगवटा पिस्तुलाच्या धडापेक्षा रुंद असल्याने तो आत शिरेल एवढे चामडे सैल ठेवावे लागते, आणि मग गेलॉर्ड यांच्या पद्धतीने पिस्तुलाचे कंगोरे पकडायला चामड्याला जागाच उरत नाही.